पिवळ्या चड्डीला हात लावायचा नाही

कपाटाने मला पहिल्यांदा आडवं केलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि तो चोवीसचा. त्या धडकेच्या आवाजाने मैदानाशेजारच्या बँकेतला धोक्याचा भोंगा वाजायला लागला आणि दोन पोलीस धावत आले. काही लोक सांगतात की एकच पोलीस आला होता, आणि तोही सामना बघायला. लोकांच्या स्मरणशक्तीला मी काय करू?

मी डोळे उघडले तर समोर एक मुलगी पाण्याची बादली घेऊन उभी. "उठताय की ओतू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओतली. ती कपाटाची मोठी बहीण. तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. म्हणजे मला पाडणारा माणूस माझा मेहुणा झाला, आणि पुढची चाळीस वर्षं तो मला नियमाने पाडत राहिला. मीही त्याला पाडलं, पण त्याला पाडायचं म्हणजे आधी जागा मोकळी करून घ्यावी लागते.

त्याचा धंदा सामान हलवण्याचा. एकदा चौथ्या मजल्यावरून एक लाकडी कपाट त्याने एकट्याने पाठीवर घेऊन खाली आणलं. खाली आणून उघडलं तर आत घरमालकाची आत्या शाल शोधत होती. ती म्हणाली, "झालं का? मग दार लाव, वारा येतोय." तेव्हापासून त्याला सगळे कपाटच म्हणतात. त्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती हे खरं, आणि ती दुरुस्त करायचं काम माझ्याकडे होतं हेही खरं, पण तो विषय वेगळा.

तर आमची रग्बी. आता पन्नाशी उलटलेल्यांची. पुलाच्या अलीकडचे आम्ही, पलीकडचे ते, कपाटासकट, दर दुसऱ्या रविवारी सकाळी. चेंडू लांबुळका, मैदान उताराचं, आणि नियम सोपा: चेंडू काखेत घेऊन समोरच्या रेषेपलीकडे टेकवायचा, आणि ज्याच्याकडे चेंडू असेल त्याला बाकीच्यांनी पाडायचं. आमचा कप्तान दातांचा डॉक्टर. रविवारी पडलेले दात तो काडेपेटीत जमा करतो आणि सोमवारी ज्याचे त्याला बसवून देतो. एकदा दोन काडेपेट्यांची अदलाबदल झाली. आमचा शिंपी तेव्हापासून शिट्टी वाजवल्यासारखा हसतो.

आणि पंच माझी बायको. शाळेत तीस वर्षं खेळ शिकवले तिने. निवृत्त झाली ती शिट्टी गळ्यातच घेऊन. मैदानावर ती ना माझी बायको, ना कपाटाची ताई. एकदा मी नुसतं "अगं" म्हणालो तर दहा मिनिटं बाहेर बसवलं होतं.

नवा नियम तिनेच आणला. वार्षिक सभेत शेवटचा विषय होता तो. ज्याला सत्तर पूर्ण झाली त्याने पिवळी चड्डी घालायची, आणि पिवळ्या चड्डीला कुणी हात लावायचा नाही. लावला तर लावणारा सामन्यातून बाहेर. तोपर्यंत चहा आला होता. बिस्कीट बुडवायच्या घाईत मी हात वर केला. पहिला हात माझाच. बिस्कीटही त्याच हातात होतं. नियम एकमताने मंजूर.

पुढच्या गुरुवारी मला सत्तर पूर्ण झाली.

शिंपी सकाळी सातलाच दारात. कागदात गुंडाळलेली चड्डी उघडली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. इतकी पिवळी, की मी ती दोरीवर वाळत घातली तर समोरच्या घरातल्यांनी पडदे ओढून घेतले.

"घालून बघ," शिंपी म्हणाला. "मागून जरा सैल ठेवलीय. आता तुला कुणी ओढणार नाही, त्यामुळे टिकेल बघ दहा वर्षं."

त्या 'कुणी ओढणार नाही'चा अर्थ मला रविवारी कळला.

चेंडू माझ्याकडे आला. मी खांदा पाडला, मान आत घेतली आणि घुसलो. घुसलो कशात? समोर कुणीच नव्हतं. पलीकडचे पंधरा गडी पडद्यासारखे दोन्हीकडे सरकले. "या दाजी, या." "सावकाश, डावीकडे खड्डा आहे." एकाने तर मला थांबवून बुटाची नाडी बांधून दिली. पळता पळता मी कपाटाकडे बघितलं. तो हात मागे बांधून उभा होता, आणि त्याचा चेहरा लग्नघरी जेवण संपल्यानंतर पोहोचलेल्या माणसासारखा झाला होता.

मी चेंडू टेकवला. टाळ्या पडल्या. विरुद्ध बाजूने!

डॉक्टरला हे नवीन हत्यार फार आवडलं. "सगळे चेंडू म्हाताऱ्याकडे," त्याने फर्मान काढलं. त्या दिवशी मी अकरा वेळा चेंडू टेकवला. पुढच्या सामन्यात सतरा वेळा. तिसऱ्या सामन्यात मी चालतच जायचो, वाटेत पलीकडच्यांच्या सुनांची चौकशी करत. आमचा संघ आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन सामने जिंकला आणि मी घरी येऊन आरशापुढे उभा राहिलो. अंगावर एक ओरखडा नाही. आंघोळीचं पाणी स्वच्छ. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतःच लिफ्ट झालो होतो. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली.

"नियम बदल," मी बायकोला म्हणालो.

ती भाजी चिरत होती. "खांदा दोनदा. बरगड्या चार. डावा घोटा. नाक तर मी मोजायचं सोडलं."

"नाक आता सरळ झालंय. पूर्वी उजवीकडे होतं, तुझ्याच भावाने मधोमध आणलं."

"अहो, सत्तर झाली तुम्हाला. आता कशाला पडायचंय?"

"मला पाडणारं कुणीतरी पाहिजे."

"घरात मी आहे की."

मी हसलो नाही तेव्हा तिची सुरी थांबली. मी म्हणालो, "मैदानावर माझ्या वाटेत कुणी येत नाही, अगं. मी खेळत नाहीये. मी पाहुणा आहे तिथे. येत्या रविवारी मला कुणी पाडलं नाही तर बूट ठेवून देतो. टाळ्या नकोत मला."

तिने कांदा पुढे ओढला. मग म्हणाली, "नवऱ्यासाठी नियम वाकवला तर गळ्यात शिट्टी कुठल्या तोंडाने घालू? मला विचारू नका." आणि कांदा इतका बारीक चिरला की तो ताटात शेवटपर्यंत सापडला नाही.

मी कपाटाला गाठलं. तो एक पियानो टेम्पोत चढवत होता. डाव्या हाताने, कारण उजव्या हातात चहा होता.

"एकदाच पाड मला," मी म्हणालो. "नेहमीसारखा. कंबरेत."

"दाजी, ताई मला बाहेर काढेल."

"काढू दे."

"आणि महिनाभर घरी जेवायला बोलावणार नाही, त्याचं काय?" त्याने पियानो खाली ठेवला, त्याच्यावर बसला आणि विचार करू लागला. कपाट विचार करतो तेव्हा लांबून दिसतं, मान आधी एकीकडे जाते, मग दुसरीकडे. "बाहेर काढलं तर काय मजा? तुम्ही मला उलट पाडायला मी आत पाहिजे ना." मग एकदम म्हणाला, "शिंप्याचं दुकान किती वाजता बंद होतं हो?"

मला वाटलं, विषय टाळतोय. मी घरी येऊन बुटांना तेल लावलं आणि ठेवून द्यायला एक खोकं शोधून ठेवलं.

रविवारी मैदानावर गेलो तर पलीकडून सूर्य उगवत होता. सूर्य कसला, कपाट. पिवळ्या चड्डीत! शिंप्याला माझ्या चड्डीचं उरलेलं कापड पुरलं नव्हतं, म्हणून त्याने दुकानाच्या पडद्याचाही अर्धा भाग लावला होता. त्यावर निळी फुलं होती.

"अरे, तो पासष्टचाच आहे ना?" मी शिंप्याच्या कानात म्हणालो.

"मी मापं घेतो," शिंपी शिट्टी वाजवत म्हणाला. "जन्माचे दाखले घेत नाही."

खेळ सुरू झाला. डॉक्टरने सवयीने चेंडू माझ्याकडे फेकला. चौदा जण सवयीने बाजूला सरले. पंधरावा सरला नाही. तो निळ्या फुलांसकट माझ्याकडे धावत सुटला, आणि जमीन अशी हादरू लागली की कोपऱ्यातले झेंडे आपणहून खाली बसले. मी खांदा पाडला. मान आत घेतली. कपाटाने माझ्या कंबरेला मिठी मारली, मला उचललं, आणि वर असताना मला पूल, पुलापलीकडची टाकी आणि कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या चड्डीसारख्याच तीन पिवळ्या वस्तू दिसल्या. मग चिखल. नाकात, कानात, दातांत. छातीवर कपाट. श्वास पुलापलीकडे गेलेला.

शिट्टी वाजली.

सगळे धावले. डॉक्टर ओरडत होता, "हात लावला! पिवळ्याला हात लावला! बाहेर काढा!"

"मीही पिवळाच आहे," कपाट माझ्यावरून न उठता म्हणाला.

बायको आली. तिने आधी माझ्याकडे नाही, चड्डीकडे बघितलं. मग दुसऱ्या चड्डीकडे. नियमांची वही तिने काढलीच नाही, तिला ती पाठ होती.

"नियम कशासाठी केला?" ती म्हणाली. "तरुणांनी म्हाताऱ्यांना मोडू नये म्हणून. म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला पाडलं तर माझी हरकत नाही. दोघांची हाडं सारखीच जुनी." मग तिने कपाटाकडे बोट केलं. "पण चड्डी खरी पाहिजे. वय किती तुमचं?"

"सत्तर," कपाट म्हणाला. आयुष्यात एवढं मोठं खोटं तो पहिल्यांदाच बोलत असावा, कारण त्याचे कान लाल झाले.

पुलाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकाला माहीत होतं की कपाट हा पंचांचा धाकटा भाऊ. ती स्वतःच सांगायची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मीच त्याला चालायला शिकवलं. तिचं स्वतःचं वय मात्र कुणालाच माहीत नव्हतं. शाळेतल्या कागदांवर तिथे शाई सांडलेली होती. मोठ्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी विचारलं तर तिने त्यांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. मलाही एवढंच ठाऊक, की ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि हे बाहेर बोललो तर जेवण बंद.

डॉक्टर हिशेबाला कच्चा नाही. त्याने बोटं मोजली. "हा सत्तर, म्हणजे मग ताई तुम्ही…"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. शिंपी आकाशाकडे बघू लागला. पलीकडचे पंधरा जण आपापल्या बुटांकडे. तिने एक शब्द उच्चारायचा अवकाश होता, 'खोटं', आणि कपाट बाहेर, चड्डी पडद्याच्या जागी परत, आणि माझे बूट खोक्यात.

तिने माझ्याकडे बघितलं. मी उताणा होतो, चिखलाने भरलेला, आणि बहुधा हसत असणार, कारण डॉक्टर मला म्हणाला, "तोंड असंच ठेव, दात मोजतो."

तिने शिट्टी तोंडाशी नेली. खाली घेतली. मान ताठ केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की टाकीवरच्या कबुतरांनीही ऐकावं. "हा सत्तर. मी बहात्तर. कुणाला काही विचारायचंय?"

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. डॉक्टरने तर बोटं खिशात घातली.

"मग उठा की! पिवळी चड्डी नंबर दोन, पिवळी चड्डी नंबर एकवरून उतरा. खेळ चालू!"

कपाटाने मला त्या दिवशी सहा वेळा पाडलं. मी त्याला दोनदा, त्यातलं एकदा तो माझ्यावर घसरून पडला, पण पाडलं म्हणजे पाडलं. आम्ही सामना दणकून हरलो. डॉक्टर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याच्या काडेपेटीत माझा एक दात होता. मला इतका आनंद झाला होता की लंगडताना पाय कुठला ते विसरत होतो आणि आलटून पालटून दोन्हींनी लंगडत होतो.

परतताना बायको पुढे, मी मागे. पूल ओलांडला तरी तिने मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. मी घसा साफ केला.

"अगं, तू माझ्यासाठी…"

"अगं?" ती थांबली आणि वळली. "मी बहात्तरची. तुम्ही सत्तरचे. चाळीस वर्षं अहो-अहो केलं मी तुम्हाला, तुम्ही लहान असून. आता सगळ्या मैदानाला माहीत आहे, मोठी कोण ते." तिने ओल्या कपड्यांची, बुटांची आणि दोन पाण्याच्या बाटल्यांची जड पिशवी माझ्यापुढे धरली. "घे रे, बाळा. आणि नीट धर, सांडू नकोस."

आता मोठ्या माणसासमोर काय बोलणार? घेतली.