गाडीतील इतर व्यक्ती

“काकू, हात पुढे करा.”

गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला आणि पाठोपाठ ग्रीसने माखलेली मूठ बाहेर आली. तिने पर्स खांद्यावर सरकवली आणि ओंजळ धरली. मुठीतून तीन गोटे तिच्या हातात पडले. करडे, गुळगुळीत, सुपारीएवढे.

“इंजिनखालच्या ऑइल चेंबरच्या वर अडकले होते. वाळू तर अजून किलोभर निघेल. डांबरी रस्त्यावर असले गोटे कुठे मिळतात तेवढं मला पण सांगा. अंगणात टाकायला आणतो.”

ती हसली नाही. एरवी हसली असती.

मिस्त्री चाकं लावलेल्या फळीवरून सरकत बाहेर आला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याचेही केस आता पिकले होते. ही जीप नवी होती तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं, इतकं तिला पक्कं आठवत होतं.

“अकराला इन्शुरन्सच्या बाई येणार,” तो म्हणाला. “पाऊण तास आहे. पाइप लावला की दहा मिनिटांत खालचं सगळं धुऊन निघेल. लावू का?”

“थांबा जरा.”

“थांबतो. पण हे बघून ठेवा.” त्याने बॅटरी पेटवली. ती एका हाताने मडगार्ड धरून वाकली. फुटलेल्या चेंबरच्या कडेवर पिवळ्या रंगाचा लांब ओरखडा होता. “हे मात्र आपलं नशीब. दुभाजकाला असाच पिवळा असतो. दुभाजकावर चढली म्हणायचं, झालं. तुमच्या चिरंजीवांना फोनवर तेच सांगितलं मी.”

ती त्या रंगाकडे बघत राहिली. तो दुभाजकाचा नव्हता. तिचे यजमान नद्यांचं पाणी मोजण्याच्या खात्यात होते. प्रत्येक नदीच्या पात्रातला एखादा मोठा खडक ते हेरत आणि त्यावर पिवळ्या रंगाने आडव्या रेघा आणि आकडे काढत. पूर आला की पाणी कुठवर चढलं ते त्या रेघांवरून कळे. चार-चार दिवसांनी घरी येत तेव्हा नखांत तो रंग असे, सदऱ्याच्या बाहीवर असे. रॉकेलचा बोळा घेऊन तिने उभ्या जन्मात तो किती बाह्यांवरून घासला असेल, त्याला गणती नव्हती. कधी निघाला, कधी नाही.

“काय झालं काकू? पाठ धरली का?”

“नाही, नाही.” ती सरळ उभी राहिली. गोटे तिने पर्समध्ये टाकले.

मिस्त्रीने लोखंडी खुर्ची फडक्याने पुसून तिला दिली. तिने फॉर्म बाहेर काढला. गाडी कागदोपत्री तिच्या नावावर होती, म्हणून सही तिची लागणार होती. बाकी सगळं मुलाने काल बसून पेन्सिलने भरलं होतं. ठिकाण: मुख्य रस्ता, पुलाच्या अलीकडे. कारण: समोरच्या वाहनाला चुकवताना दुभाजकास धडक. चालक: या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव, मुलाच्या रेखीव अक्षरात. त्याखाली, गाडीतील इतर व्यक्ती: कोणी नाही.

“फक्त पेनाने गिरव,” निघताना मुलगा म्हणाला होता. “रस्ता सोडून कुठे नेली असं दिसलं, तर ते एक पैसा देणार नाहीत. शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. आणि एवढं काम पदरच्या पैशाने करायचं म्हटलं तर त्यापेक्षा भंगारात घातलेली परवडेल. बाबांची गाडी भंगारात घालायची का?”

“नाही रे.”

“मग झालं तर.”

“पण मी होते ना गाडीत.”

“होतीस. पण लिहिलं की तुलाही प्रश्न विचारतील, आई. तुला खोटं बोलता येत नाही. तोंडावर दिसतं. त्यापेक्षा तू नव्हतीसच.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गेला महिनाभर तोच धावत होता. दवाखाना, दाखले, बँक. रागावला होता तोही एकदाच, आणि तेही बापावर: एक हात निकामी असताना नदीत गाडी घालायची काय गरज होती! त्याला वाटे, बाबा एका हाताने गाडी चालवत. खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावा हात गेला. पाय शाबूत राहिला, वाचा शाबूत राहिली, हात मात्र मांडीवर पडून असे, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. दोन महिने ते खिडकीत बसून अंगणातल्या जीपकडे बघत. मग एका सकाळी म्हणाले, “अगं, जरा बाहेर ये. माझ्या शेजारी बस.”

गाडीत बसल्यावर त्यांनी तिचा उजवा हात आपल्या उजव्या हाताने उचलला आणि गिअरच्या मुठीवर ठेवला.

“मी क्लच दाबला की म्हणेन पहिला. तू अशी पुढे ढकलायचीस. दुसरा म्हटलं की मागे.”

“मला नाही येणार.”

“आयुष्यभर मला मागे-पुढे केलंस, याला करायला काय होतंय?”

आणि आलं. अंगणात आलं, मग गल्लीत, मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. क्लच त्यांचा, गिअर तिचा. महिन्याभरात त्यांनी पहिला-दुसरा म्हणणंही सोडलं. इंजिनाचा आवाज जडावला की तिचा हात आपोआप मागे येई, आणि त्याच क्षणी त्यांचा पाय खाली गेलेला असे. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं एका वेळी असं कशातच जमलं नव्हतं. ते चहा पिताना ती स्वयंपाकघरात, ती जेवताना ते बाहेरगावी, असाच तो संसार. चल म्हणून त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ये म्हटलं असतं तर ती गेली असती का, हेही तिला ठाऊक नव्हतं. या दोन वर्षांत मात्र तिने अकरा नद्या पाहिल्या. पात्रात उतरायचं, त्यांचा खडक शोधायचा, रेघा अजून दिसतात का बघायचं, डब्यातलं खायचं आणि परत. एखाद्या खडकावरचा आकडा शाबूत सापडला की ते लहान मुलासारखे तिला हाक मारत.

बारावी नदी शेवटची ठरली. उतार तीव्र होता. दुसऱ्यातून पहिला टाकायचा होता. तिने मूठ पुढे ढकलली, पण समोर तो खडक दिसला होता, पिवळे आकडे लखलखत होते, आणि तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. गिअर पडलाच नाही. मूठ मधेच लोंबकळली आणि गाडी मोकळी सुटली. मग तिच्या हातावर एक हात पडला. इतक्या जोराने आवळला की अंगठी बोटात रुतली. आणि धडक.

ट्रॅक्टर लावून गाडी वर काढली. “चूक माझी,” असं ते सगळ्यांना सांगत राहिले. तिने तोंड उघडलं की डोळ्यांनी गप्प करत. एकोणिसाव्या दिवशी सकाळी बूट घालता घालता ते गेले. त्या हिसक्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर चांगले होते, म्हणून तसं म्हणाले, असं तिला वाटत होतं.

“चहा घेणार?” मिस्त्रीने विचारलं. “थर्मासमधला आहे, घरचा.”

“नको. तुमचा माणूस कुठे दिसत नाही?” बोलायचं म्हणून ती बोलली. “त्यालाही दोन शब्द सांगायचे होते. दर महिन्याला गाडी न्यायला येत होता बिचारा.”

“माझा माणूस?”

“सर्व्हिसिंगला. मी बहिणीकडे जाते ना दर पहिल्या सोमवारी, तेव्हा न्यायचा आणि आणून लावायचा.”

मिस्त्रीने थर्मासचं झाकण हळूच फिरवून बंद केलं.

“काकू, इथे मालक मी, नोकर मी, आणि शिव्या खायलाही मीच. माणूस ठेवायला परवडतंय कोणाला?”

“मग गाडी कोण आणत होतं?”

“साहेबच.”

“कोणाबरोबर?”

“एकटेच.” तो हातातल्या फडक्याकडे बघू लागला. “वर्ष झालं असेल. पहिल्यांदा आले तेव्हा मीच विचारलं, साहेब, हात? तर मूठ उघडून-मिटून दाखवली मला. पूर्वीसारखी नाही, पण गिअर टाकण्यापुरती होती. मला म्हणाले, घरी बोलू नका. म्हटलं, का हो? पेढे वाटायचे सोडून लपवताय? तर म्हणाले...”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘सांगितलं तर ती घरी बसेल.’”

रस्त्यावरून एक टेंपो गेला. त्याच्या हादऱ्याने भिंतीवर टांगलेले पाने एकमेकांवर वाजले आणि हळूहळू थांबले. तिने आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. अंगठीच्या खालची कातडी अजून थोडी काळसर होती. उतारावर गाडी सुटली, तेव्हा एक क्षण, डोळ्याचं पातं लवावं एवढाच, त्यांचा डावा हात मांडीवरच राहिला होता. मग उचलला होता. तिला वाटलं होतं, भीतीने मेलेल्या हातातही जीव येतो. महिनाभर तिला तेच वाटत होतं.

“मी बोलायला नको होतं,” मिस्त्री म्हणाला.

“नाही हो. बरं केलंत.”

“पाइप लावू का? अकराला पाच कमी आहेत.”

तिने नुसती मान हलवली. नाही म्हणून.

इन्शुरन्सच्या बाई म्हणजे तिच्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी. हेल्मेट काखेत, गळ्यात ओळखपत्र. तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, मग मिस्त्रीची फळी ओढून स्वतःच खाली सरकली. मिस्त्रीने काकूंकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर आली तेव्हा मुलीच्या केसांत वाळू होती.

“आजी, फॉर्म झाला?”

“खोडरबर आहे का तुमच्याकडे?”

मुलीने पिशवीत शोधून दिलं. तिने कागद गुडघ्यावरच्या पर्सवर ठेवला आणि मुलाची अक्षरं पुसायला घेतली. ठिकाण पुसलं. कारण पुसलं. चालकाचं नाव तसंच ठेवून ते पेनाने गिरवलं, एकेक वेलांटी सावकाश. मग खालची ओळ पुसली. पेन्सिल जोरात दाबलेली होती, कोणी नाही हे शब्द पुसूनही दिसत राहिले. त्यांच्यावरच तिने लिहिलं.

मुलीने कागद घेतला आणि वाचला. पुन्हा वाचला.

“नदीचं पात्र?” ती म्हणाली. “आणि हे इतर व्यक्तीमध्ये... ‘पत्नी. गिअर पत्नी टाकत होती.’ आजी, असं नसतं लिहायचं.”

“तसंच झालं होतं.”

“झालं असेल. पण हे वाचल्यावर क्लेम बसणारच नाही.” तिने मिस्त्रीकडे मदतीसाठी पाहिलं. “खरंच गाडी दुरुस्त करायची नाहीये का तुम्हाला?”

“फार करायची होती,” ती म्हणाली.

मुलगी घुटमळली. मग आवाज उतरवून म्हणाली, “मग असं करा, क्लेम मागेच घ्या. एक सही लागते. नाकारला गेला असा शिक्का तरी नको.”

“मागे घेतला की हा कागद परत देता?”

“परत कशाला? फाडून टाकला तरी चालेल.”

“आणि नाकारला तर?”

“तर फाइलला लागतो. ऑफिसात राहतो आमच्या. बरीच वर्षं.”

“मग नाकारा,” ती म्हणाली.

मुलीने कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट पिशवीत. जाताना ती काकूंच्या पायाशी वाकल्यासारखी झाली. खाली पडलेलं खोडरबर उचलून तिने खिशात टाकलं आणि हेल्मेट चढवलं.

पर्समध्ये फोन वाजला. मुलाचा असणार. वाजून थांबला.

“काकू,” मिस्त्री म्हणाला, “भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. पण घाई नाही. महिना-दोन महिने इथे उभी राहिली तरी माझं काही खात नाही ती.”

“एक महिना पुरे.”

तिने डावीकडचं दार ओढलं. ते नेहमीसारखंच आधी अडलं आणि मग उघडलं. पाय वर टाकायला तिला दोन प्रयत्न लागले. मिस्त्री पुढे झाला, पण तिने हातानेच त्याला थांबवलं.

“चालू व्हायची नाही हं ती,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

तो पाठमोरा होऊन पाने जागेवर लावू लागला. ती आपल्या जागेवर नीट बसली. उजवा हात गिअरच्या मुठीवर ठेवला. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता आपला डावा हात उचलला, त्या हातावर ठेवला आणि अंगठी रुतेपर्यंत आवळला.