खोक्याच्या टेबलावरची गौर

शालनने कलिंगडाच्या कडेला सुरीचं टोक लावलं आणि कमळाच्या पाकळ्या पाडायला घेतल्या. एक पाकळी तुटून खाली पडली. तिने ती उचलली आणि काडी टोचून जागच्या जागी बसवली.

"मंजुळाकाकू, हळिवावर पानी शिंपडा की. माना टाकल्यात त्यानं."

शेजारच्या खोलीतल्या मंजुळाबाई मदतीला आल्या होत्या. शालनने मडकं पालथं घालून त्यावर हळीव पेरला होता. आठ दिवसांत त्याचा हिरवा डोंगर झाला होता. पायथ्याशी देठासकट कैऱ्या, गव्हाच्या ओंब्या, चाफा आणि मध्ये पितळेची गौर. चैत्रगौर मांडायची रीत शालन पिंपरीच्या या चाळीत येऊन शिकली होती. टेबल मात्र तिच्या नवऱ्याने, ज्योतीरामने, केलेलं. नव्या कारखान्यात यंत्रं आली त्या खोक्यांच्या फळ्यांचं. एक पाय आखूड होता, त्याखाली खापरी सारली होती. 'यंदा तुझी गौर भुईवर बसायची न्हाई,' असं तो म्हणाल्याचं शालनने सगळ्या चाळीला सांगून झालं होतं. हळीव पेरला त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या विहिरीच्या कामावर दरड त्याच्या अंगावर आली. तेव्हापासून तो पुण्याला दवाखान्यात होता.

आता तो तिथेही नव्हता. मंजुळाबाईंचे यजमान उद्धवराव सकाळी दारातूनच म्हणाले होते, "पहाटं गेला ज्योतीराम. मी न् त्याचा भाऊ मालोजी आनायला निघालोय. आमी येईस्तोवर पोरीला बोलायचं न्हाई."

पुरुषांचं बरं असतं. सांगतात आणि चालू लागतात. मागे राहणारीने तोंड शिवून कैरी किसायची. कानावर पडल्याशिवाय सुतक लागत नाही, असं मंजुळाबाईच आजवर बायकांना सांगत आल्या होत्या, पण आज त्यांचं मन त्यांना खात होतं. घरात असं झालेलं असताना गौरीपुढे नैवेद्य ठेवू द्यायचा? आणि सांगावं तर कोणत्या तोंडाने? तीनदा त्यांनी बोलायचं ठरवलं आणि तीनदा नवी कैरी घेतली.

पाणी शिंपडताना त्यांची नजर खुंटीकडे गेली. मालोजी रोज भावासाठी न्यायचा तो भाकरीचा डबा फडक्यात बांधलेला तसाच लटकत होता. मंजुळाबाईंनी घाईने तोंड फिरवलं.

चार वाजता बायका आल्या. चाळीत बातमी कधी झाकून राहते? डाळ खाल्ली, पन्हं प्याल्या, पण गाणं कोणी म्हणेना. नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणाऱ्या कुसुमताईसुद्धा ओटी घेऊन गुपचूप निघाल्या. शालनला नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह आज कोणीच केला नाही.

शेवटी शालन मंजुळाबाईंसमोर आली. हळदीकुंकू लावून तिने करंडा त्यांच्यापुढे धरला. आता त्यांनी तिला लावायचं होतं. मंजुळाबाईंचं बोट करंड्यातच थांबलं.

"भाऊजींनी आज डबा न्हेला न्हाई, काकू," शालन हळूच म्हणाली.

"इसरला आसंल."

"व्हय." तिने कपाळ पुढे केलं. "कानावर पडल्याबिगर सुतक लागत न्हाई, तुमीच सांगता न्हवं? मग आजून बोलू नका. भरून लावा."

मंजुळाबाईंना रडू आवरेना. तरी त्यांनी चांगलं रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं. शालनने ते पुसलं नाही.

दारात म्हाताऱ्या अंबूबाई वहाणा काढत होत्या. चाळीत त्याच तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. शालनने पन्ह्याचा पेला भरला आणि त्यांना हात धरून टेबलापाशी आणलं.

"बघा आत्याबाई," ती म्हणाली, "ह्यांनी केलंय."