खणखणीत बायका

हुपरीच्या त्या गल्लीत चिमणाबाईच्या शब्दाबाहेर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. त्यात तिची लेक क्रांती कोल्हापुरात माणसाच्या श्वासावर संशोधन करत होती. "औषध देणारं ढिगानं हाईत. माझी पोरगी औषधाच्या आधीचं शोधती," असं चिमणाबाई आल्यागेल्याला ऐकवायची.

सत्त्याण्णव साली क्रांती फुंकायचं यंत्र घेऊन गल्लीत आली. जाळावर चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडून जोडून बायकांच्या छातीचं काय होतं, ते तिला मोजायचं होतं. नळीत जोरात फुंकलं की काटा सरकायचा, क्रांती आकडा लिहायची. बायका गोळा करायचं काम आईनं अंगावर घेतलं, आणि तिथंच घात झाला. ही पोरीची परीक्षाच आहे, असं चिमणाबाईनं परस्पर ठरवून टाकलं. बाजारात म्हैस निवडावी तशा तिनं बायका निवडल्या. खणखणीत तेवढ्या ओळीत. खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या घरात. जन्मभर जाळावर बसलेली ती स्वतः मात्र त्याच दिवशी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेली.

पुढं प्रबंध लिहून झाला. कामकरी बायकांची छाती ठणठणीत, असं त्यात निघालं. तो विद्यापीठात दिला की कॉलेजातली नोकरी पक्की. चिमणाबाईनं गल्लीत पेढं वाटायला काढलं. समोरची बायडाबाई पेढा घ्यायला आली ती दम लागून उंबऱ्यावरच बसली.

"मावशी, तुम्ही का नाही आलात फुंकायला?" क्रांतीनं विचारलं.

"आक्काच नगं म्हणली की. बायडे, तुझ्या फुंकीनं माझी पोरगी नापास हुईल, म्हणली."

क्रांतीनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "आई, किती जणींना घरी बसवलंस?"

"निम्मी गल्ली असंल. तुझ्यासाठीच की! आजारी बायका दावून कोण पास झालंय व्हय?"

"त्याच तर शोधायच्या होत्या गं."

पोरगी ओरडली असती तर चिमणाबाईनं चार शब्द परत हाणले असते. क्रांती ओरडली नाही. कोल्हापूरला जाऊन मार्गदर्शक सरांना खरं सांगितलं आणि त्यांच्याकडं दिलेला प्रबंध मागं घेऊन आली.

"गप बसायचं हुतंस. कुणाला कळणार हुतं?"

क्रांतीनं नुसतं समोरच्या घराकडं बघितलं. बायडाबाईची उबळ थांबत नव्हती.

जन्मात कुणापुढं न वाकलेली चिमणाबाई मग दारोदार फिरली. घरी बसवलेल्या सगळ्या बायका तिनं अंगणात आणून उभ्या केल्या. "घे. ह्या सगळ्या नापास. आता लिव."

"यंत्र परत दिलं, आई. शिष्यवृत्ती संपली. कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली."

बायका एकेक करून निघून गेल्या. चिमणाबाई लेकीसमोर खाली बसली.

"मग माझी तरी फुंक घे. तळहातावर. तुला यंत्राबिगर कळंल की."

क्रांतीनं हात पुढं केला. चिमणाबाईनं पदर सावरला, छाती भरून घेतली आणि फुंक मारली. हातापर्यंत पोचायच्या आधीच फुंकीचा खोकला झाला. डोळ्यांतनं पाणी आलं, ते तिनं खोकल्यावर ढकललं.

"धर हात. पुन्यांदा फुंकते."

क्रांतीनं हात तसाच धरून ठेवला.