गोधडीची घडी

"आईनं अंथरूण धरलं का गं?" नणंदेनं, रेश्माताईंनी, भिगवणहून फोनवर मला विचारलं. फोन स्पीकरवर होता. आतून सासूबाई कडाडल्या, "धरलं न्हाय म्हणावं तिला! घडी घालून ठिवलंय!"

गोठ्यात घसरून फुलाबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं, खुब्याचं हाड मोडलं. वय आणि शुगर बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. आता त्या चालणार नाहीत हे सगळ्या माळेगावाला कळलं होतं, त्यांना सोडून. माझ्या नवऱ्यानं, यशराजनं, बारामतीहून भाड्यानं लोखंडी खाट आणली, तर त्यांनी आधी गादीकडे बघितलं. "हिची घडी कशी घालायची?"

म्हणून गादीवर गोधडी आली. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की हाक यायची, "राजेश्वरी, घडी." मग नवरा-बायकोनं त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, गोधडीची घडी घालायची आणि थोड्या वेळानं त्यांना कळ लागली की तीच पुन्हा अंथरायची. या उद्योगात माझी कंबर गेली. एकदा मी वैतागून म्हणाले, "आत्याबाई, कशाला हा खटाटोप? कोण बघतंय हितं?"

"आमच्या येळंला खाटा हुत्या व्हय? समदी भुईवर. दिस उगवला की अंथरुणं उचलायची. ज्याचं उचललं न्हाय त्यानं अंथरूण धरलं. तितनं आलंय ते बोलणं." मग म्हणाल्या, "एकदा धरलं म्हणलं ना, की मान्सं आपल्याशी बोलत न्हाईत. आपल्यादेखत दुसऱ्यालाच इचारत्यात, जेवली का, झोपली का."

मला काही ते पटलं नाही. म्हातारीचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी कंबरेला मलम चोळत राहिले.

मागच्या थंडीत एका सकाळी भोंगा झाला आणि हाक आलीच नाही. यशराज पहिल्या पाळीला गेला होता. मी निवांत बसून चहा प्यायले. कप ठेवला आणि मला करमेना. आत गेले, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"आत्याबाई, घडी?"

"राहू दे आज."

हेच ऐकायला मी इतके महिने आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा मला भयंकर राग आला.

"राहू दे काय? उठा."

"पोरी, तुझी कंबर..."

"माझ्या कंबरेचं मी बघीन."

एकटीनं हात घालून उचललं. त्या फार हलक्या झाल्या होत्या, याचं मला वाईट वाटलं. खुर्चीत बसवलं, गोधडीची टोकाला टोक जुळवून घडी घातली. तेवढ्यात फोन वाजला.

"राजेश्वरी, आई कशी हाय? जेवती का काय?"

"ताई, त्यांनाच इचारा," मी म्हणाले आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला.