प्राजक्ताची हजेरी

नागुलगुड्याला शहर येऊन भिडलं त्याला दहा वर्षं झाली. चिंचेच्या झाडापाशी हैदराबाद संपतं, अशी जुनी समजूत होती. आता चिंचेच्या पुढेही चार किलोमीटर फंक्शन हॉल, गोदामं आणि प्लॉटच्या पाट्या होत्या. गाव शहरात गेलं, शाळा तेवढी गावात राहिली. चार खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप आणि मराठी माध्यम. आजोबांच्या पिढीत मराठवाड्यातून खडी फोडायला आणि भाजीचे मळे करायला आलेल्या लोकांसाठी ती निघाली होती. खडी संपली, मळ्यांचे प्लॉट झाले, माध्यम शिल्लक राहिलं.

हजेरीपटावर एकतीस पोरं होती. वर्गात नऊ.

यात लबाडी नव्हती, भीड होती. कुणाचं जरा बरं चाललं की तो अंबरपेठेत नाहीतर विद्यानगरात राहायला जायचा, पोराला इंग्रजी शाळेत घालायचा आणि जाताना एकनाथराव सरांपुढे हात जोडायचा. "सर, नाव तेवढं राहू द्या. गावच्या शाळेत आमच्या घरचं नाव असावं." नव्या शाळा टीसीबद्दल फार चौकशी करत नव्हत्या. नाव कापणं सरांच्या जिवावर यायचं. पट घटला की शाळा बंद, हा नियम आठवला की आणखीच यायचं.

म्हणून रीत पडली होती की नऊ पोरांनी एकतीस जणांची हजेरी द्यायची. नावं वाटून दिलेली होती. गीताकडे तिसरीपासून स्वतःचं धरून चार. त्यातलं 'प्राजक्ता हिम्मतराव' तिचं लाडकं. त्या नावाला ती आवाज थोडा बारीक करून "हजर!" म्हणायची, कारण प्राजक्ता तिच्या आठवणीत नाजूक होती. एकदा तापानं ती घरी राहिली. स्वतःची गैरहजेरी लागू दिली, पण प्राजक्ताचं वर्गातल्या रवीला सांगून पाठवलं होतं.

या जूनमध्ये गीता दहावीला आली. वर्गात ती एकटीच, पटावर दोघी. तिचे वडील किशनराव एका सोसायटीत वॉचमन, आई मालनबाई शाळेतच दुपारचं जेवण रांधायची. घराण्यात दहावी कुणी पाहिली नव्हती. गीताचं सगळं ठरलं होतं. दहावी पास व्हायचं, मग मुलींच्या पॉलिटेक्निकला जायचं. तो फॉर्म तिनं कोठी बाजारातल्या पुस्तकाच्या दुकानातून आधीच आणून, पेन्सिलीनं भरूनसुद्धा ठेवला होता.

जूनमध्येच मोबाइलवर हजेरी आली. वहीची हजेरी बंद. फोन चेहरा बघणार आणि काय ते ठरवणार. सरांनी चष्मा पुसला, नव्या फोनवर उदबत्ती ओवाळली आणि एकेक पोर समोर उभं करून चेहरे भरायला घेतले. सात चेहरे सुरळीत गेले. मग पडद्यावर पुढचं नाव आलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं सरांनी खणखणीत हाक मारली, "प्राजक्ता हिम्मतराव!"

"हजर!" गीता बारीक आवाजात म्हणाली, आणि सात वर्षांच्या सवयीनं पुढं आली.

फोननं खट्‌ केलं. हिरवी खूण उमटली.

"गीता किशनराव!"

"हजर," गीता म्हणाली. ती उभी होतीच. फोन म्हणाला, हा चेहरा आधीच नोंदलेला आहे.

सरांनी फोन पुन्हा तिच्यासमोर धरला. तो पुन्हा तेच म्हणाला.

"राहू दे पोरी," सर म्हणाले. "दुरुस्त करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला किशनराव वॉचमनच्या कपड्यात, गळ्यात शिट्टी, धापा टाकत शाळेत आला. मेसेज तेलुगूत होता, तो त्यानं लिफ्टमनकडून वाचून घेतला होता. आपली मुलगी आज शाळेत आलेली नाही.

"सर, गीता कुठंय?"

"ही काय, समोर."

किशनरावनं पोरीला नीट बघून घेतलं. "मग ह्यो काय म्हनतोय?"

"त्याला ती दिसत नाही."

"मला दिसती की!"

"तुमचं दिसणं धरत नाहीत, किशनराव."

मेसेज रोज येऊ लागला. रविवार सोडून. तिकडे अंबरपेठेत हिम्मतरावांच्या फोनवरही रोज यायचा, की आपली मुलगी आज शाळेत उपस्थित आहे. पोर शेजारच्या खोलीत सर्दीनं झोपलेली असली तरी यायचा. जेवणाची अंडी फोनच्या हजेरीवर मिळायची, त्यामुळे बोनालूच्या सणापासून गीता प्राजक्ताच्या वाटणीचं अंडं खात होती. "खा," मालनबाई म्हणायची, "तिला तिकडं बोर्नव्हिटा मिळत असंल."

सरांनी जुलैत अर्ज केला, ऑगस्टात केला, सप्टेंबरात स्वतः गेले. शिक्षण खात्याच्या ऑफिसातला कारकून भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, एकदम आसान आहे," तो म्हणाला. "असली प्राजक्ताला घेऊन या. तिचा चेहरा घातला की हा चेहरा मोकळा. पाच मिनिटाचं काम."

"आणि ती आली नाही तर?"

"कैसे नाही येणार? रोज येते ना तुमच्या शाळेत. शंभर टक्के हजेरी आहे तिची." त्यानं पडदा फिरवून दाखवला. "ती दुसरीच बघा. गीता. नाव घालून ठेवलंय नुसतं, एक दिवस आली नाही. अशा पोरींमुळेच शाळा बंद पडतात, सर."

सर चहा अर्धा ठेवून उठले.

दसऱ्यानंतर किशनराव आणि सर अंबरपेठेला गेले. हिम्मतरावांचं तिथं टाइल्सचं दुकान होतं. त्यांनी दोघांना बसवलं, सरांच्या पाया पडले, किशनरावलाही "या की वर, खाली काय बसता" म्हणाले. सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ एका टाइलवरची धूळ पुसत राहिले.

"सर, तुम्ही म्हणाल ते करतो. हे तेवढं नको," ते म्हणाले. "तिच्या शाळेला कळलं, पोरगी दोन ठिकाणी आहे, तर तिथलं नाव जाईल. दहावीचं वर्ष आहे हो तिचं."

"माझ्या पोरीचंबी दहावीचंच हाय," किशनराव म्हणाला.

"तेच म्हणतो मी. मग तिला लिहू द्या की पेपर प्राजक्ताच्या नावानं! आमची काही हरकत नाही." हिम्मतराव खरंच मनापासून बोलत होते. "लेखी देत नाही, पण शब्द देतो."

परतीच्या बसमध्ये किशनराव एकदाच बोलला. "भला मानूस हाय. वर बसवलं."

दिवाळी झाली आणि किशनराव घरी आला की विचारू लागला, "आज कुठं गेलती?"

"शाळेत, बाबा."

"नक्की?"

"मी हातानं वाढलं तिला!" मालनबाई भांडी आपटायची. "डोळे फुटले का तुमचे?"

"तसं नाही गं. पन रोज रोज सांगतोय त्यो. सरकारी हाय."

प्रमोद सर गणिताला आठवड्यातून तीन दिवस कोठीहून यायचे, त्यांनी दिलेली उदाहरणं गीता दुप्पट करून ठेवायची. तिच्या वहीवर तिचंच नाव होतं, आणि ती ते अलीकडे प्रत्येक पानावर लिहीत होती.

डिसेंबरात एका दिवशी मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी किशनराव पाव किलो जिलेबी घेऊन घरी आला. "झालं दुरुस्त! मशीनला दिसली माझी पोर!" शेजारीपाजारी एकेक वळं दिलं. सरांनाही कागदात बांधून पाठवलं.

सरांनी जिलेबी हातात घेतली आणि फोन उघडून बघितला. सलग गैरहजेरीमुळं, कधीच न येणाऱ्या बाकीच्या पोरांबरोबर, गीता किशनराव हे नावही पटावरून आपोआप कमी झालं होतं. कळवायला पालकाचा नंबर उरला नव्हता, म्हणून मेसेज बंद. तीस वर्षांत सरांच्या शाळेत रोज येणाऱ्या पोराचं कापलं गेलेलं हे पहिलंच नाव. त्यांनी जिलेबी तशीच पुन्हा कागदात बांधली.

जानेवारीत दोन कागद आले. शाळा एप्रिलनंतर पलीकडच्या तेलुगू शाळेत विलीन. आणि दहावीचं एक हॉल तिकीट. फोटो गीताचा, नाव प्राजक्ताचं.

"पोरी, लिही," सर म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी आहे तोवर नाव बदलून घेईन."

सरांची निवृत्ती एकतीस मार्चला होती.

पहिला पेपर मराठीचा. केंद्रावर मराठी माध्यमाची ती एकटीच, म्हणून तिला जिन्याखालच्या खोलीत स्वतंत्र बसवलं होतं. पर्यवेक्षक बाई तेलुगू होत्या. त्यांनी यादी काढली, खोलीत एकच पोरगी आहे हे पाहिलं, तरी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "प्राजक्ता हिम्मतराव?"

गीता गप्प बसली.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. बाक रिकामे होते. "प्राजक्ता? गैरहजर लिहू?"

पेन कागदावर टेकलं, तेव्हा गीता म्हणाली, "हजर." आवाज आपोआप बारीक झाला होता.

सगळे पेपर तिनं लिहिले. सहाशेपैकी पाचशे एकेचाळीस. मराठी माध्यमात मंडलात, म्हणजे तालुक्यात पहिली. दुसरं कुणी नव्हतं, पण पाचशे एकेचाळीस खरेच होते. प्राजक्ता आपल्या शाळेतून आपल्या बोर्डाच्या परीक्षेला बसली आणि गणितात गेली. हिम्मतरावांनी चार दिवस दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी सरांच्या घरी पेढे आले. प्राजक्ताच्या नावाची ती पाचशे एकेचाळीसची गुणपत्रिका हिम्मतरावांनी ऑफिसातून स्वतः नेली होती. बाप होते, सही जुळत होती. त्यावरच्या फोटोकडे विद्यानगरच्या कॉलेजात कुणी बघितलं नाही. प्राजक्ताचं ॲडमिशन झालं.

सरांनी त्यांना गाठलं, तेव्हा हिम्मतराव रडले. खरे रडले. "सर, माझी पोर जीव देईन म्हणत होती. गीता हुशार आहे, पुन्हा लिहील."

सर पुन्हा ऑफिसात गेले. खुर्चीवर आता दुसरा कारकून होता. त्यानं पडदा बघितला आणि विचारलं, "कोण गीता? ही पोर तर वर्षभर शाळेतच आली नाही. बाहेरून बसायचं तर शाळेचा दाखला आणा." शाळेला कुलूप होतं. दाखल्यावर सही करणारे सर निवृत्त होते, आणि समोरच उभे होते.

मे अखेरीस चिंचेच्या झाडाला मोठा फ्लेक्स लागला. हिम्मतरावांचे हात जोडलेले, शेजारी प्राजक्ता हसरी. 'गावच्या शाळेची शान! ५४१/६००. हार्दिक अभिनंदन.' हिम्मतरावांना वॉर्डाच्या निवडणुकीत रस निर्माण झाला होता.

जून लागला. गीता सोसायटीच्या मागच्या गोदामात पार्सलं चिकटवायला जाऊ लागली. एका दुपारी वाऱ्यानं फ्लेक्सची एक बाजू सुटली. किशनरावनं तो सोडवून, गुंडाळून घरी आणला. पत्र्याला गळती होती, आणि फ्लेक्सचं कापड चांगलं जाड असतं.

तो शिडीवर चढला. मालनबाई खालून टोक धरून होती. "छापलेली बाजू वर टाका," ती म्हणाली. "मला नको त्यांची तोंडं घरात. पावसानं धुऊन जाऊ द्या."

गीता दारात उभी होती. हाताला चिकटपट्टीचा डिंक लागलेला.

"नको, बाबा," ती म्हणाली. "छापलेली बाजू आत घ्या."

"आत? कशाला गं?"

"मार्क माझे आहेत."

किशनरावनं फ्लेक्स उलटा केला.