निळं सीताफळ

केदारखेड्यात रखमाजीच्या अंगणात सीताफळाचं झाड होतं. ब्याण्णव आणि त्र्याण्णव, दोन्ही साली त्याची फळं पिकलीच नाहीत. सुपारीएवढी झाली की काळी पडायची, दगडासारखी टणक व्हायची आणि तशीच फांदीला लटकून राहायची. शेवटी रखमाजीने कुऱ्हाड काढली. पण झाड त्याच्या बायकोने लावलेलं, आणि ती आता नव्हती. घाव घालायला हात उठेना.

"मामा, एक साल थांबा," सून गोजरबाई दारातून म्हणाली. तिने रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. "पानं गळाली की काळी फळं तोडून जाळायची, आन् उघड्या फांद्यांवर मोरचूद-चुन्याचं पाणी फवारायचं. रोग सालीतच दडून बसतो म्हणे."

"पान न्हाई, फूल न्हाई. नुसत्या लाकडाला दवा काहून?"

"पानं आल्यावर लई उशीर होतो, मामा."

रखमाजीने कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली.

होळीच्या सुमाराला झाडाचं शेवटचं पान गळालं. गोजरबाईने काळी फळं वेचून जाळली, वाळक्या काड्या छाटल्या. तिचा नवरा साहेबराव जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला होता, त्याने निळ्या खड्यांचं मोरचूद आणून दिलं. तिने एका मडक्यात ते विरघळवलं, दुसऱ्यात चुना भिजवला, आणि दोन्ही पाणी एकदम प्लास्टिकच्या टोपात ओतलं. आभाळ ढवळल्यासारखा रंग झाला. रखमाजी बाजेवरून उठून जवळ आला.

तिने घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवला आणि थोड्या वेळाने वर काढला. पातं तांबूस झालं होतं, तांब्याच्या भांड्यासारखं.

रखमाजी मागे सरकला. "लोखंडाचं तांबं झालं?"

"चुना कमी पडला, मामा. असंच मारलं तर झाड जळंल."

तिने आणखी चुन्याची निवळी ओतली, विळा घासून पुन्हा बुडवला. या वेळी पातं होतं तसंच चकचकीत निघालं. रखमाजीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, अंगठा फिरवला. मग स्वतःच धोतराचा सोगा खोचून फवारणीच्या पंपाचा दांडा हलवायला बसला.

दुपारपर्यंत फवारा वाळला. खोडापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड निळं दिसत होतं, तापलेल्या उन्हात एकही पान नसलेलं. रानातून परतणारी माणसं थबकू लागली. शेजारच्या दुर्गाबाईने तर डोक्यावरचा भारा खाली ठेवून हात जोडले.

"देव न्हाई, दवा हाय," रखमाजी म्हणाला. पण आवाज त्याने हळूच काढला होता, आणि टोपी मात्र हातात होती.

पावसाळ्यात फुलं आली, फळं धरली. ती सुपारीएवढी झाली तेव्हा रखमाजी रोज सकाळी झाडाखाली जायचा आणि एकेका फळावरून बोट फिरवायचा. ती हिरवीच राहिली. वाढली, डोळे उघडले, खाचा पांढुरक्या झाल्या. भिंतीपलीकडे झुकलेल्या एका फांदीची फळं तेवढी पुन्हा काळी पडली. तिथवर पंपाची धार पोचलीच नव्हती.

रखमाजी त्या फांदीखाली बराच वेळ उभा राहिला. एकाच मुळाचं पाणी पिणाऱ्या दोन फांद्या. एकीला भरलेली फळं, एकीला कोळसे.

"बाई," त्याने सुनेला हाक मारली, "त्या उघड्या लाकडात तुला हे दिसलं व्हतं?"

"न्हाई, मामा. मी बी भ्याले व्हते."

दसऱ्याला पहिलं फळ पिकलं. रखमाजीने ते दोन्ही हातांनी फोडलं. आतला गर पांढराशुभ्र, दाणे फुगलेले. मोठा भाग त्याने सुनेपुढे धरला. गोजरबाई तो घेऊन, पदर सावरून घरात वळली. सासऱ्यासमोर ती कधी खात नसे.

"इथंच बस," तो म्हणाला.

ती बाजेच्या पायाशी टेकली. दोघं खाऊ लागली, बिया तळहातावर काढत.