इझाबोबाईंचे हातमोजे

लेकीच्या लग्नासाठी नागपूरहून व्हर्जिनियात आले आणि पहिल्याच आठवड्यात एका फ्रेंच बाईने माझं डोकं खाल्लं. ती बाई मरून तीनशे वर्षं झाली आहेत, हे आधीच सांगते.

माझी मुलगी स्वानंदी हर्नडनमधली कॉम्प्युटरची बरी चाललेली नोकरी सोडून जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांवर पीएचडी करते आहे. का, ते मला कळलेलं नाही. तिच्या बाबांना, म्हणजे प्रल्हादांना, कळलंय असं ते दाखवतात. तर या फ्रेंच इझाबोबाईंनी पहिली कादंबरी स्वतःच्या नावाने छापली. त्या काळात बाईमाणसाने असं करणं म्हणजे धाडसच. मग लग्न झालं आणि पुढच्या कादंबऱ्या नवऱ्याच्या नावावर निघाल्या. नवरा गेल्यावरच्या निघाल्या त्या ‘एका कुलीन स्त्रीकडून’, बस्स, एवढंच. स्वानंदीचं म्हणणं, या सगळ्या एकीनेच लिहिल्या. तिचे प्रोफेसर विचारतात, कशावरून?

“ग्लव्ह्जवरून!” स्वानंदी कांदा चिरता चिरता म्हणाली. “आई, प्रत्येक बुकमध्ये हिरॉइन रडायच्या आधी हातमोजे काढते. नवऱ्याचं नाव असलेल्या बुक्समध्येसुद्धा. पुरुषाला हे सुचेल का, सांग ना!”

मी काय सांगणार? मला त्या बाईचाच राग आला होता. लिहिता येत होतं, शाई होती, कागद होता, मग नाव टाकायला काय धाड भरली होती? “लग्नात नाव बदललं असेल तिचं,” मी म्हटलं. “सासरचं नाव घेऊन तिसरीच बाई झाली असेल आणि तुम्ही बसलाय शोधत.”

“आई, तिकडे आडनाव बदलतं. पाळण्यातलं नाव नाही बदलत. ते आपल्याकडेच.” मग सुरी थांबवून तिने विचारलं, “वेट, तुझं बदललं होतं का?”

“कुकरची शिट्टी झाली का बघ,” मी म्हटलं.

बदललं होतं. सासूबाईंना देवाधर्मातलं नाव हवं होतं. प्रल्हादांनी ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने ‘अहिल्या’ लिहिलं, पेढे वाटले गेले, संपलं. माहेरी धाकटी भावंडं मला ताई म्हणायची आणि आईवडील लवकर गेले, त्यामुळे जुनं नाव तिथेही कोणाच्या तोंडी राहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटत होतं का? ही फ्रेंच बाई घरात शिरेपर्यंत मला वाटायचं, नाही.

दुसऱ्या दिवशी सांता क्लाराहून विहीणबाईंचा, मालिनीताईंचा, फोन आला. त्यांच्या मुलाला, आमच्या होणाऱ्या जावयाला, राजसला शोभेल असं नाव त्यांनी ठरवलं होतं, राजेश्वरी. मी “छानच” म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वानंदीवरच उखडले. तुझे एवढे लेख छापून आले, लोक तुला स्वानंदी म्हणून ओळखतात, आणि तुला काहीच कसं वाटत नाही?

“चिल, आई. पासपोर्टवर थोडंच जातंय? एका ताम्हणापुरतं आहे. मला ओके आहे.”

तिला ओके होतं, तर मला का नव्हतं? मला तर लग्न बिनबोभाट पार पाडायचं होतं. पण ‘एका ताम्हणापुरतं’ हे माझ्या आईनेही मला सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. मी शालू काढले, पुन्हा घड्या घातल्या, पुन्हा काढले. काय हवंय तेच समजेना.

लग्न अ‍ॅशबर्नच्या एका हॉलमध्ये होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. स्वानंदीने मला लोकरीचे हातमोजे आणले होते आणि पैठणीवर ते घालून मी अगदी सोंगासारखी दिसत होते. आपल्याकडे नाव ठेवायचं ते मुलगी सासरी गेल्यावर, पण इथे हॉल संध्याकाळच्या आत रिकामा करून द्यायचा, म्हणून सगळं एकाच जागी उरकायचं ठरलं. ताम्हण आलं, तांदूळ पसरले. मालिनीताई फोटोग्राफरला शोधायला गेल्या आणि राजस अंगठी हातात धरून माझ्याकडे बघायला लागला.

“मावशी, मला मराठी लिहिता येत नाही. हेल्प कराल, प्लीज?”

पोर गोड आहे. मी त्याचा हात धरला, पाटीवर गिरवून घेतात तसा. राजेश्वरी लिहायचं हे मला पक्कं ठाऊक होतं, देवाशपथ ठाऊक होतं. हात चालला, तांदूळ बाजूला सरकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोसुद्धा निघाला.

“यामिनी?” मालिनीताईंनी वाकून वाचलं. “आपलं राजेश्वरी ठरलं होतं ना?”

“आई, यामिनी कोण?” स्वानंदीने विचारलं.

एवढ्या भरल्या हॉलमध्ये मीच माझ्या हाताकडे बघत बसले होते. मला उत्तर द्यायचं होतं, पण ‘मी’ म्हणायचं की ‘मी होते’ म्हणायचं, तेच कळेना. ते नाव ओळखणारं तिथे एकच माणूस होतं आणि ते पेढ्यांचा डबा घेऊन माझ्या मागे उभं होतं.

“तुझी आई,” प्रल्हाद म्हणाले.

मी ते नाव मोडून तांदूळ सारखे करायला हात पुढे केला, तर स्वानंदीने तो धरला. राजसच्या हातातली अंगठी घेतली आणि त्याच नावाखाली, मोठ्या अक्षरांत, स्वानंदी लिहिलं. “राजस, ओके?” तिने विचारलं. तो “ऑफकोर्स” म्हणाला. मालिनीताईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण हॉलवाल्यांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली होती.

पार्किंगमध्ये वारा झोंबत होता. मी हातमोजे चढवून उभी होते. मी बरोबर केलं की लेकीच्या लग्नात घोळ घातला, काही समजत नव्हतं. प्रल्हाद गाडी घेऊन आले आणि आतून वाकून त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

“यामिनी,” ते चाचरत म्हणाले, “बस, थंडी आहे.”

मी हातमोजे काढले.